अण्णांनी धरलेली तार

माणसाला त्याच्या मातीशी बांधून ठेवणारा धागा अदृश्य असतो, असं सभासंमेलनांतून सांगतात. आमच्या घरी तो तांब्याचा होता, पीळ दिलेला, दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे लट्टू लावलेला. आषाढात वारा सुटला की बंगळुरातल्या आमच्या चामराजपेटेतल्या पोरांचे पतंग त्यात अडकत. पतंग निघत, मांजा राही. पावसाळा संपेपर्यंत धागा कुठला आणि गुंता कुठला, हे आमचं आम्हालाही सांगता येत नसे.

ही रेडिओची एरियल. ती माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे अण्णांनी लावली होती. आईवडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि अण्णा नोकरीला लागलेले, नुकतेच लग्न झालेले. त्यांनी आणि वहिनींनी मला वाढवलं. खरं म्हणजे वहिनींनी वाढवलं. अण्णांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या. ते सरकारी कचेरीत होते आणि घरातही थोडेसे कचेरीतच असत. आमचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलं, हे ते पाहुण्यांना चहा येण्याआधी सांगत. पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवू लागलो, तेव्हा याला पुरावा काय असं एकदा विचारलं. आपण इथे आहोत हाच पुरावा, असं ते म्हणाले. परीक्षेच्या पेपरात याहून वाईट उत्तरांना मी गुण दिले आहेत.

बढती मिळाली तेव्हा अण्णांनी रेडिओ घेतला. तो पुढच्या दिवाणखान्यात, विणलेल्या झालरीच्या रुमालाखाली बसला. एरियल गच्चीच्या रस्त्याकडच्या बाजूला अशी ताणली की येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे. रेडिओ ऐकण्याइतकंच तो असल्याचं दिसणंही तेव्हा महत्त्वाचं होतं. अण्णा इंग्रजी बातम्या ऐकत, अंगातला कोट न काढता. बातम्या संपल्या की रुमाल पुन्हा पुढे ओढत.

वहिनी निपाणीकडच्या, वेदगंगेच्या काठच्या. माहेरी ऊस होता आणि स्वतःचं गुऱ्हाळ होतं. त्यांची मराठी ऐकून आमच्या घरी सुरुवातीला हसत असत, कारण त्या भागातल्या बायकांसारख्या त्या 'मी आलो', 'मी जेवलो' असं म्हणत. वहिनींनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा जेवताना म्हणाल्या की तुमची मराठी शहाजीराजांसंगं आली, आणि हितलं नाचणीचं रागीमुद्दे खाऊन जी आडवी झाली ती अजून उठली नाही. हे त्यांनी आम्हाला वाढता वाढता सांगितलं. आमच्या बोलण्यात 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, हे कानडी शब्द पदोपदी येत असल्यामुळे हसणं तिथेच थांबलं. पुढे राज्यांची फेररचना झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात आली, तेव्हा अण्णांनी पेपर वाचून ही बातमी गंभीरपणे घरात जाहीर केली. वहिनी म्हणाल्या, मी एवढी रडत रडत या मुलखात आलो, आणि गाव बघा, बसल्या जागी आलं.

रेडिओतला त्यांचा भाग त्यांनी स्वतः शोधला. एका संध्याकाळी धूळ पुसताना काटा सरकला आणि खरखरीतून कोणीतरी 'गूळ' म्हणालं. पुण्याहून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागत असे आणि त्यात कोल्हापूरच्या बाजारातले भाव सांगत. दिवसाउजेडी पुण्याचा पत्ता नसे. दिवस मावळला की ते हळूहळू बंगळुराकडे यायला लागे, आणि हिवाळ्यात लवकर येई. गुळाचा हंगामही हिवाळ्याचाच. तेव्हापासून त्या वेळेला वहिनी हातातलं काम टाकून दिवाणखान्यात येत आणि रेडिओच्या जाळीला कान लावून उभ्या राहत. अण्णा घरात असले तर आवाज अगदी बारीक करत. हे यंत्र काय गुळाचे भाव ऐकायला घेतलंय का, असं अण्णांनी एकदा विचारलं होतं.

मला ते वेड वाटे. मग त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला. माहेरी आता एकटा धाकटा भाऊ होता. त्याला लिहिण्याचा कंटाळा, आणि लिहायला बसलाच तर 'सर्व क्षेम' यापुढे त्याचा हात चालत नसे. पण गूळ काय भावाने गेला हे कळलं की वहिनींना सगळं कळे: यंदा विहिरीचं काम होईल की नाही, बैल बदलतील की आहेत तेच ओढतील, आणि दिवाळीनंतर बहिणीला न्यायला मुराळी येईल की नाही. मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा माणूस. आमच्याकडे तो इतक्या वर्षांत मोजक्या वेळा आला होता, आणि दर वेळी गुळाला भाव होता.

मी कॉलेजात लागलो त्या वर्षी वहिनी आजारी पडल्या. हृदयाची झडप खराब झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाय सुजत, आडवं झालं की धाप लागे, म्हणून उशांचा ढीग करून त्यावर टेकून बसायचं. मागची खोली परसाकडे उघडणारी, हवेशीर, म्हणून त्यांचा पलंग तिकडे नेला. प्रवासाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टर अण्णांना म्हणाले. ते दाराबाहेर म्हणाले, पण दार जुनं होतं.

त्याच सुमारास गावाकडून आलेल्या कोणीतरी निरोप आणला होता की भावाच्या मुलीचं स्थळ जमतंय, गुळाने हात दिला तर उन्हाळ्यात लग्न उडवून देणार. लग्न ठरलं म्हणजे भाऊ स्वतः न्यायला येणार. मी वहिनींना म्हणालो की तुम्हाला जाता येणार नाही, हे डॉक्टरांनी...

"ठावं हाय मला, भावजी," त्या म्हणाल्या. "जायचं न्हाई. पर न्यायला आल्याला बघायचाय."

त्या वर्षी आमच्या घरात मुराळ्याची वाट बघणं एवढं एकच काम होतं. दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली असणार, आणि दिवाणखान्यातला रेडिओ मागच्या खोलीत ऐकू जात नव्हता.

अण्णांनी रेडिओ हलवला. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण तसं ते नव्हतं. दिवाणखान्यात तिवईवर झालरीचा रुमाल उरला आणि त्याखाली काही नाही. आलेले लोक रिकाम्या तिवईकडे बघत आणि रेडिओ बिघडला का म्हणून विचारत. अण्णा 'हूं' म्हणत. रेडिओ मागे गेला तशी एरियलही मागच्या बाजूला न्यावी लागली, आणि तिथे परसाच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. संध्याकाळी गिरणीला गर्दी. मोटर सुरू झाली की पुण्याचं दळण होऊन बाहेर येई. गिरणीवाल्याशी बोलून उपयोग नव्हता. त्या वेळी आमचंही पीठ तिथेच असे.

एरियल उंच न्यायला हवी, असं ठरलं. त्यासाठी दोन लांब बांबू हवेत. एका रविवारी सकाळी अण्णा स्वतः मार्केटात गेले, बांबूच्या वखारीत निवडून दोन हिरवे बांबू घेतले, बांधायला काथ्याची सुतळी घेतली, आणि हमालाच्या खांद्यावर देऊन त्याच्या मागून घरी चालत आले. ऊन होतं म्हणून मान खाली होती. ते अनवाणी नव्हते, एवढाच काय तो फरक.

ज्या घरात इतके दिवस बाईमाणूस आजारी, त्या घराच्या दारात सकाळच्या प्रहरी दोन हिरवे बांबू आणि काथ्या उतरला. समोरच्या घरातल्या अज्जींनी ते पाहिलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, चूल विझवायला सांगितली आणि निरोप धाडले. मी आत वाचत बसलो होतो. बाहेर आलो तर अंगणात सात-आठ बायका, दोन वयस्क गृहस्थ, आणि एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये सांगत होता की देवाच्या मनात आलं, आपण काय करणार. काय झालं हे मी त्यालाच विचारणार होतो. तोवर अज्जी रडत रडत आत गेल्या, आणि मागोमाग बाकीच्या.

जिच्यासाठी रडायचं ती उशांना टेकून लसूण सोलत होती.

वहिनींनी कोण गेलं म्हणून विचारलं. अज्जींनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. मग खिडकीतून परसात आडवे टाकलेले बांबू त्यांना दिसले, आणि बांबूंशेजारी हातात सुतळी घेऊन उभे असलेले अण्णा दिसले. त्यांना कळायला फार वेळ लागला नाही.

"बसा की," त्या म्हणाल्या. "एवढी मानसं मला बघाय कवा आली हुती? आलायसाच तर च्या पिऊन जावा."

मग हसू आलं, आणि हसण्याने धाप लागली. मी पाठ चोळत होतो आणि अज्जी पदराने त्यांना वारा घालत रागावत होत्या, कुणावर ते कळत नव्हतं. चहा झाला. सगळ्यांनी घेतला. जाताना एक बाई अण्णांना म्हणाल्या की असं काही आणायचं तर आधी सांगावं, लोकांच्या कामाचा खोळंबा होतो.

त्या रात्री अण्णा नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही बांबूंना निळा रंग दिला. निळा बांबू कुणाच्याच कामाचा नसतो. तरी वहिनी खिडकीतून बघून म्हणाल्या की बांबू सरळ आहेत, मधे वाकत नाहीत, चांगले बघून घेतलेत. अण्णांनी ब्रश तसाच हातात धरला आणि दुसऱ्या बांबूकडे वळले.

मग दिशेचा प्रश्न आला. अण्णांनी माझ्या टेबलावरचा नकाशा घेतला, बंगळूर ते पुणे पट्टी ठेवून रेघ मारली आणि होकायंत्र घेऊन गच्चीवर गेले. कचेरीतल्या एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की तार आडवी हवी, तिची कूस स्टेशनकडे, टोक नव्हे. अण्णांना ते पटलं नाही. ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे तोंड करावं, हा साधा शिष्टाचार आहे, असं त्यांचं म्हणणं. तार पुण्याकडे तोंड करून ताणली गेली, आणि त्या संध्याकाळी आम्हाला चीनमधून कोणीतरी ऐकू आलं.

पुढचे कित्येक दिवस अण्णा कचेरीतून आले की गच्चीवर जात. मी परसात, वहिनी खोलीत. वहिनी मान हलवत, मी वर ओरडून सांगे, अण्णा बांबू सरकवत. "स्वल्प डावीकडे. अजून. सरी का?" सरी नसे. गिरणीवर थांबलेले लोक डबे खाली ठेवून आम्हाला सल्ले देत. तार आडवीही लावून झाली. अण्णांनी ती आडवी लावली पण तसं म्हटलं नाही. थोडं बरं झालं, इतकंच. गूळ एवढा शब्द यायचा आणि आकडा बुडायचा. आकड्याशिवाय गुळाचा वहिनींना काय उपयोग.

मग एके दिवशी अण्णांनी बांधण्यासाठी तारेचं टोक हातात घेतलं, डोक्यावर धरलं, आणि खाली खोलीत एक माणूस शेजारी बसून बोलावा तसा बोलू लागला. मी ओरडून सांगितलं. अण्णांनी टोक बांबूला बांधलं. गेला तो. पुन्हा हातात घेतलं, आला. बांबू बदलला, लट्टू बदलले, तारेला जोडतार दिली. आवाज यायचा तो अण्णांनी धरली तरच. मी धरून पाहिली, तर नुसती खरखर. याचं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी अण्णांपेक्षा बराच बुटका आहे, हे त्यातलं सर्वांत सोपं.

तेव्हापासून तो नेम झाला. तिन्हीसांजेला अण्णा चहा घेत, गळपट्टा गुंडाळत, वर जात, आणि पश्चिमेकडच्या कठड्याशी हात उंच करून तार धरून उभे राहत, कार्यक्रम संपेपर्यंत. डिसेंबरचा बंगळुरी गारठा, अंगात कचेरीचा कोट. एका हाताला कळ लागली की दुसऱ्या हातात घेत. त्या क्षणापुरता खाली आवाज डुचमळे आणि वहिनी वर आढ्याकडे बघत. आजूबाजूच्यांनी याचा अर्थ लावलाच. हे शनीचं व्रत आहे, बायकोसाठी, असं गल्लीत ठरलं. अज्जींनी मला विचारलं की कोणत्या शास्त्र्याने सांगितलं. अण्णांना हे कळलं, पण त्यांनी खुलासा केला नाही. गुळाच्या भावासाठी उभा राहतो, यापेक्षा शनी बरा.

गच्चीवर रेडिओ ऐकू जात नसे. कार्यक्रम संपायची वेळ झाली की ते घड्याळ बघून खाली येत, जिन्याच्या तळाशी थांबत आणि विचारत, "आलं?"

"आलं," वहिनी म्हणत.

मग ते कोट काढायला जात. आकडा कधी विचारला नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या दोघांमध्ये रोज ठरल्या वेळी आणि माझ्यासमोर झालेलं हे एकच संभाषण. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत आणि त्यांत नवरा-बायको पुष्कळ बोलतात.

भाव चढत होता. वहिनी माझ्याजवळ हिशेब करत. रेडिओवाले क्विंटलमध्ये सांगत, त्या मणात करून घेत आणि मण म्हटल्यावरच त्यांचा विश्वास बसे. आता दुसरं गाळप झालं असेल. आता मुलीच्या अंगावरचं काही करायला टाकलं असेल. पौषात लग्नाचं बोलत नाहीत, माघात बोलतील, माघात निघेल तो. गाडीने आला तर सकाळी पोचेल. त्याला मेथी आवडते. बोलता बोलता त्या मधेच थांबत आणि श्वास घेत, आणि पुन्हा जिथे सोडलं तिथून सुरू करत.

पौष सरत आला तसा त्यांना डोळा लागू लागला, बसल्या बसल्या, संध्याकाळीच. एकदा कार्यक्रम सुरू झाला आणि त्या झोपलेल्या. भाव सांगून झाले, त्या झोपलेल्याच. मी ऐकून लक्षात ठेवले. अण्णा खाली आले, "आलं?" म्हणाले, त्या आवाजाने वहिनी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "आलं." ते गेल्यावर मी आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वर थंडी फार होती आणि अण्णांना खोकला झाला होता. वहिनींचा डोळा लागला आहे असं बघून मी अण्णांना खाली बोलवायला उठलो. पायात चप्पल घालत होतो तेवढ्यात त्या डोळे न उघडता बोलल्या.

"ऱ्हाऊ दे की, भावजी. त्यांना तेवढंच एक जमायलंय."

मी परत खुर्चीवर बसलो. रेडिओवर कोणी पाटबंधाऱ्याबद्दल बोलत होतं. त्या जाग्या होत्या, कारण मधे एकदा आवाज डुचमळला तेव्हा त्यांची मान आढ्याकडे वळली.

त्या गेल्या त्या संध्याकाळीही तसंच सगळं होतं. अण्णा चहा घेऊन वर गेले होते. अज्जी आमटी घेऊन आल्या होत्या आणि पायांशी बसल्या होत्या. कार्यक्रम सुरू झाल्यावर थोड्या वेळाने वहिनींनी एक श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. अज्जींना आधी कळलं. त्यांनी नाकाशी हात धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून रेडिओ बंद करायला गेल्या. मी नको म्हटलं.   त्या परत पायांशी जाऊन बसल्या आणि या वेळी त्यांनी आवाज काढला नाही. रेडिओ चालू राहिला. आम्ही दोघं ऐकत बसलो. मधे एकदा आवाज डुचमळला, म्हणजे वर अण्णांनी हात बदलला.

मग जिन्यावर पावलं वाजली. ती तळाशी थांबली.

"आलं?"

"आलं," मी म्हणालो.

आवाज माझा होता म्हणून ते दारापर्यंत आले. आधी त्यांनी गळपट्टा काढला, घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मग पलंगाकडे पाहिलं. अज्जी उठून बाहेर गेल्या. मी पण गेलो.

भाऊ दहाव्याला पोचला. अण्णांएवढाच उंच, रापलेला, अंगात लग्नाकार्याला घालतात तसा कोट, दुसरा नसावा. गुळाची एक ढेप घेऊन आला होता आणि ती कुठे ठेवायची हे त्याला कळत नव्हतं. मुलीचं लग्न वैशाखात धरलं आहे, माघ लागला की अक्काला न्यायला यायचं ठरवलंच होतं, असं तो अण्णांना सांगत राहिला. यंदा गूळ चांगला गेला. मग त्याने विचारलं की अक्का रेडिओवर भाव ऐकत असे म्हणतात, तर शेवटच्या दिवशी तिने ऐकला का.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी ते वर होते. खोलीत मी होतो.

त्या दिवशी अमावास्या होती आणि अमावास्येला कोल्हापूरचा गुळाचा बाजार बंद असतो. पुण्याहून सबंध वेळ वांग्यावर पडणाऱ्या किडीची माहिती सांगत होते, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी स्पष्ट ऐकू आली.